निवांत घास

थोरलीने विमा कचेरीतली मोठी नोकरी मुदतीआधीच सोडली आणि घरातलं निम्मं सामान वाटून टाकलं. पलंग गेला, टीव्ही गेला, कपाट गेलं. उरली एक खोली, एक चटई आणि चार भांडी. डोक्यावरचं ओझं उतरावं तशी ती हलकी झाली होती, आणि भेटेल त्याला हे सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे.

धाकटी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. सुट्टीच्या दिवशी ती थोरलीकडे जेवायला यायची. एकदा थोरलीच्या दोन जुन्या मैत्रिणीही आल्या होत्या. थोरली कौतुकाने म्हणाली, "हिच्याकडे बघा. घास कसा निवांत चावते. मला हे पुस्तकं वाचून शिकावं लागलं, हिला उपजतच आहे. गरजा कमी, मन शांत."

धाकटी नुसती हसली आणि पाणी प्यायली.

मैत्रिणी गेल्यावर थोरलीने सफरचंद कापलं. धाकटीने एक फोड उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली.

"का गं?"

"पोट भरलं."

"सफरचंद म्हणजे तुझा जीव की प्राण."

धाकटीने गालावर हात ठेवला. "दाढ दुखते, ताई. डाव्या बाजूने चावताच येत नाही. म्हणून सावकाश."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. डॉक्टरकडे जायचं तर कामाचा खाडा होतो. लवंग धरली की भागतं तेवढ्यापुरतं."

थोरलीने हातातली सुरी खाली ठेवली. बहिणीचं दुखणं ती चारचौघांत गुण म्हणून मिरवत होती. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी खुशीत असायचीस. चार भांड्यांत कसं भागतं ते सांगायचीस." धाकटी हसत होती, आवाजात राग नव्हता. "माझंही चार भांड्यांतच भागतं गं. पण मला पाचवं हवंय."

दुसऱ्या दिवशी थोरली तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. धाकटी वाटभर खाड्याचं बोलत राहिली, थोरलीने कानाआड केलं. दाढ काढावीच लागली. "इतकं सोसलंत कसं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटीच्या तोंडात कापूस होता. थोरलीने मान खाली घातली.

खोलीवर आल्यावर धाकटी चटईवर आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळली. कापसामुळे शब्द बोबडे येत होते. "यावर झोपतेस तरी कशी? हाडं मोडतील."

"मला आवडतं."

"मला नाही आवडत."

दोघींना हसू फुटलं. धाकटीला हसताना कळ आली, तरी ती हसली.

पुढच्या सुट्टीला ती आली, तर भिंतीशी जाडजूड गादी गुंडाळून ठेवलेली.

"संपलं वाटतं वैराग्य?"

"माझं आहे तसंच आहे. ही तुझी. संध्याकाळी रिक्षात टाकून तुझ्या घरी नेऊ."

धाकटीने गादी तिथेच पसरली, जरा टेकते म्हणाली आणि ताटं वाढून होईपर्यंत गाढ झोपली. थोरलीने तिच्या ताटावर झाकण ठेवलं आणि तिला उठवलं नाही.