न बदललेले टायर

सोमवारी घराबाहेरच्या उतारावरच गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या बर्फात रुतून बसली. रस्ता साफ करणाऱ्या ट्रकवाल्यानं दोर लावून ती ओढून काढली, चाकांकडे बघून मान हलवली आणि फ्लोरिनला सांगितलं, या उन्हाळी टायर्सवर शहरापर्यंत जायचा विचारही करू नका. त्यामुळे तिच्या नवऱ्याचं, रुडॉल्फचं, सोमवारचं डायलिसिस चुकलं. आज बुधवार. शुक्रवारपासून त्याचं रक्त धुतलं गेलं नव्हतं. पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि बोलताना त्याला मध्येच थांबावं लागत होतं.

फ्लोरिननं सकाळपासून सगळीकडे फोन करून पाहिले. पेशंटना नेणारी व्हॅन गुरुवारपर्यंत भरलेली. टॅक्सीवाले या आडरस्त्यावर यायला तयार नाहीत. शेजारचं जोडपं दर वर्षीसारखं हिवाळ्यापुरतं फ्लोरिडाला गेलेलं. डायलिसिस युनिटच्या नर्सनं मात्र चार वाजेपर्यंत खुर्ची राखून ठेवायचं कबूल केलं. त्यापुढे नाही, आणि दम जास्त लागला तर सरळ अँब्युलन्स बोलवा, वाट बघू नका, असं तिनं बजावलं. रुडॉल्फनं अँब्युलन्सला साफ नकार दिला.

शेवटी अकरा वाजता चौसष्ट वर्षांची फ्लोरिन जाड जाकीट घालून गॅरेजमध्ये उतरली. बर्फावर पकड घेणारे विंटर टायर्स चाकांसकट भिंतीशी रचून ठेवलेले होते. गेली पंचवीस वर्षं दर हिवाळ्याआधी रुडॉल्फ ते स्वतः चढवत आला होता. वसईहून कॅनडात आल्यावर वॉन शहरातल्या एका गोदामात त्यानं फोर्कलिफ्टचा मेकॅनिक म्हणून जन्म काढला होता. चाक खोलणं म्हणजे त्याला शर्टाचं बटण काढण्यासारखं. यंदा हातात जोर नाही म्हणून तो म्हणाला होता की गावातल्या गॅरेजची अपॉइंटमेंट घेतली आहे. सोमवारी फ्लोरिननं तिथं फोन केला, तेव्हा कळलं की त्याच्या नावाची नोंदच नाही, आणि आता तीन आठवड्यांची रांग आहे. विसरला असेल बिचारा, असं म्हणून तिनं तो विषय काढला नव्हता.

तिनं फोनवर व्हिडिओ बघितला. पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली, तेव्हा कुठे पहिला नट कुरकुरत सैल झाला. पुढच्या डाव्या चाकाचे पाचही नट सैल व्हायला पाऊण तास लागला. जॅक चढवला, नट काढून वाटीत ठेवले, आणि चाक धरून ओढलं, तर ते हलेना. तिनं लाथा मारल्या. हातोडा मारला. 'नमो मरिये'ची प्रार्थना पुटपुटत पुन्हा ओढलं. चाक गंजून आतल्या लोखंडाला असं चिकटलं होतं की जणू एकाच तुकड्याचं केलंय. एक वाजून गेला. गॅरेजच्या उघड्या दारातून थंडी आत घुसत होती आणि तिला बोटं जाणवेनाशी झाली होती.

ती स्वयंपाकघरात आली. रुडॉल्फ टेबलाशी खिडकीकडे तोंड करून बसला होता. चाक निघत नाही, काय करू, असं तिनं विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दमलीस. बस जरा."

चाकाबद्दल तो काहीच बोलला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची अडलेली चाकं सोडवली, त्याला एक शब्दही सुचू नये? फ्लोरिन त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला उमगलं.

"तू गॅरेजला फोन केलाच नव्हतास."

"नाही."

"विसरलास?"

"नाही," तो म्हणाला. "आठवड्यातनं तीन दिवस त्या खुर्चीत, आणि उरलेले दिवस त्यातनं सावरण्यात. मला नको झालंय, फ्लोरी. वाटलं, बर्फ पडेल, रस्ता बंद होईल, आणि आपोआप होईल सगळं. कुणाला सांगावं लागणार नाही."

फ्लोरिनला बसावंसं वाटलं, पण बसली तर उठता येणार नाही हे तिला कळत होतं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांग, आपल्या लेकीला सांग. तुला थांबायचं असेल तर मी ऐकेन. रडेन, भांडेन, पण ऐकेन. मात्र मला चाक काढता आलं नाही म्हणून तू गेलास, हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवून जाऊ नकोस. तेवढं नको करूस, रुडी."

एवढं बोलून ती परत गॅरेजमध्ये गेली आणि वेड्यासारखी चाकावर हातोडा मारत सुटली. प्रत्येक घाव मनगटात झिणझिणत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मागे दार वाजलं. रुडॉल्फ भिंतीला धरून, एकेक पायरी उतरत येत होता. खाली येऊन तो टायरच्या ढिगावरच बसला आणि धाप ओसरेपर्यंत त्याला बोलता येईना.

"हातोडा ठेव," तो म्हणाला. "नट परत लाव. हातानंच, अर्धवट. जॅक उतरव. बाकीच्या तीन चाकांचेही नट सैल कर, काढू नकोस. मग गाडीत बस, हातभर पुढे घे आणि कचकन ब्रेक मार. मग तसंच मागे. झटक्यानं गंज तुटेल."

तिनं तसं केलं. तिसऱ्या झटक्याला खालून बंदुकीसारखा आवाज आला, मग आणखी एक. तिला वाटलं गाडीच मोडली. पण जॅक चढवल्यावर चाक तिच्या ओढण्यासरशी अंगावर आलं. त्यानंतर तो सांगत गेला आणि ती करत गेली. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही. पान्यावर उभं राहायचं नाही, नुसतं वजन टाकायचं. चौथं चाक लागलं तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. रुडॉल्फचे ओठ निळसर दिसत होते. तिनं त्याला काखेत धरून गाडीत बसवलं.

पंचेचाळीस किलोमीटर ती एका ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर रोवून गेली. उतारावर टायर्सनी बर्फावरची पकड सोडली नाही. रुडॉल्फ काचेला डोकं टेकून डोळे मिटून होता. दर दोन मिनिटांनी ती त्याला हाक मारायची आणि तो हुंकार द्यायचा. एकदा हुंकार आला नाही, तेव्हा तिनं इतक्या जोरानं हाक मारली की तो दचकला.

चारला पाच मिनिटं असताना नर्सनं व्हीलचेअर आणली. रक्त तपासल्यावर तिचा चेहरा बदलला आणि डॉक्टर धावत आले. दरवाजा बंद झाला. फ्लोरिननं वेटिंग रूममधून व्हँकुव्हरला लेकीला, लॉराला, फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. लॉरा रडत म्हणाली, "आय ॲम कमिंग, मॉम."

शुक्रवारी, लॉरा आल्यावर, डॉक्टर तिघांना समोर घेऊन बसले. रुडॉल्फ या वेळी स्वतः बोलला, थांबत थांबत. ईस्टरपर्यंत डायलिसिस चालू ठेवीन, त्यानंतर थांबेन, मला अडवू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. डॉक्टरांनी फ्लोरिनकडे पाहिलं. लॉरानंही पाहिलं. फ्लोरिनच्या जिभेवर नाही हा शब्द अगदी तयार होता. तिनं तो गिळला आणि त्याचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला.

"बरं," ती म्हणाली.