डॉक्टरांचा पेशंट

शिवाजी पार्कचे निवृत्त त्वचारोगतज्ज्ञ डॉ. मनमोहन धैर्यवान यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या पिवळ्या माशावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले.

"परजीवी आहेत. तांब्याचं औषध घातलं की संपलं," ते बायकोला म्हणाले.

"माशाला आधी वेगळ्या टाकीत काढा," यशोदाबाई म्हणाल्या. "कोळंबीला तांबं सोसत नाही, असं बाटलीवरच लिहिलंय."

"जन्मभर लोकांची कातडी बघितली मी. आता बाटली मला शिकवणार?"

त्यांनी औषध सरळ टाकीत ओतलं. महिन्याभरात मासा लख्ख झाला. शोभेच्या कोळंब्या आणि प्रवाळ मात्र कधीच मेले होते. डॉक्टरांनी शेजाऱ्यांना मासा दाखवायला बोलावलं. कोणीतरी कोळंब्यांचं विचारलं.

"त्या माझ्या पेशंट नव्हत्या," डॉक्टर म्हणाले.

यशोदाबाईंनी पाहुण्यांसाठी चहा टाकला, डॉक्टरांसाठी नाही.