पानिपतपर्यंतची चाचणी

चेतनाला डिसेंबरात दिल्लीहून संगमनेरपर्यंत स्वतःची गाडी स्वतः चालवत न्यायची होती. साडेबाराशे किलोमीटर, नणंदेच्या मुलीचं लग्न, आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरखाली उभी असलेली, वर्षभरात ऑफिसपलीकडे कुठे न गेलेली तिची छोटी निळी गाडी. मागणी एवढीच. तिच्या नवऱ्याने, अनुरागने, ती नाकारली नाही. बावीस वर्षं केंद्रीय मंत्रालयात काढलेला माणूस काहीही सरळ नाकारत नाही. तो अट घालतो.

"दोन गाड्या न्यायच्या तर दोन्हींत रेडिओ हवा," तो म्हणाला. "मी पुढे असेन. तुला सांगत जाईन."

"फोन आहे की."

"गाडी चालवताना फोन? अगं, सायंटिस्ट ना तू, यार."

अशा रीतीने, ज्या यंत्रातून तिला सूचना मिळणार होत्या ते निवडायचं काम तिच्याकडेच आलं. चेतना प्रयोगशाळेत तापमापकं तपासायची. अंदाजपंचे काम तिला जमत नसे. तिने आठ दिवस वॉकीटॉकीसारख्या सीबी रेडिओबद्दल वाचलं. सत्तावीस मेगाहर्ट्झचा पट्टा, पाच वॉटपर्यंत परवाना लागत नाही. विक्रेते काहीही सांगोत, गाडीतून गाडीत पल्ला चार-पाच किलोमीटर, आणि तोही सेटपेक्षा छतावरच्या अँटेनावर अवलंबून. तिने तीन सेटांचा तक्ता केला आणि एकाची शिफारस केली. कोणी तीन मिनिटांहून जास्त बोललं, तर तो सेट आपणहून गप्प व्हायचा.

अनुरागने तक्ता फायलीसारखा वाचला. "माझं बोलणं मधेच तोडणारा रेडिओ मी पैसे देऊन घेऊ?"

"ज्याचं बटण दाबलेलं आहे त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, अनुराग. ते अडकून राहिलं तर—"

"बिल्कुल अडकणार नाही." त्याने तो रकाना पेन्सिलीने खोडला. उरलेल्या दोन सेटांत जो स्वस्त, तो घरी आला.

चाचणी रविवारी सकाळी ठरली. पानिपतपर्यंत जायचं, शहरात उड्डाणपुलाखालच्या चादरींच्या दुकानाशी भेटायचं. फोन बंद. रेडिओ आणि चेतनाचं ड्रायव्हिंग दोन्ही पास झालं तर दोन गाड्या, नाहीतर सगळे अनुरागच्या मोठ्या गाडीत. अनुरागचा धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको कुमुद नोएडाहून आले होते. विलास भावाशेजारी बसला, कुमुद चेतनाशेजारी.

"वहिनी, परीक्षेला दादाने गाव कुठलं निवडलंय बघा," विलास म्हणाला. "मराठी माणसाचं तिथे काय झालं होतं, आठवतंय ना?"

"तेव्हाही नेतृत्व पुरुषांकडेच होतं," कुमुद म्हणाली.

मुरथलपर्यंत सूचना येत राहिल्या. पुढे ट्रक आहे. डावीकडे ट्रॅक्टर आहे. दोन्ही चेतनाला दिसत होते. ती प्रत्येक वेळी "कळलं" म्हणायची.

समालख्याजवळ सूचना थांबल्या, पण आवाज थांबला नाही. आधी सीटची करकर, मग विलासचं खोकणं, मग अनुराग, जरा लांबून.

"खरं सांगू? ती माझ्यापेक्षा चांगली चालवते."

कुमुदने चेतनाकडे पाहिलं. "हे आपल्याला सांगतायत?"

"नाही. माइक मांडीखाली गेलाय. बटण दाबलेलं राहिलंय." चेतनाने आपला माइक उचलला. "अनुराग, तुझं बटण अडकलंय." हे त्याला ऐकू जाणार नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने दोनदा सांगितलं.

"मग नेऊ दे की तिला गाडी," विलास म्हणत होता.

"आणि माझं काय? ती शेजारी बसून बोलत नसली की मला दीड तासात डुलकी येते. मागच्या वर्षी कोट्याजवळ चाक खडीवर गेलं होतं. तिने विचारलं, काय रे? मी म्हटलं, खड्डा चुकवला. आता तर समोरून दिवे आले की पसरल्यासारखे दिसतात."

"दादा, वहिनीला सांग."

"काय सांगू? पानिपतला म्हणेन, रेडिओ नीट चालत नाही. दोष यंत्राचा. म्हणजे तिला वाईटही वाटणार नाही."

"बंद करू?" कुमुदने हळूच विचारलं.

"नको," चेतना म्हणाली. कोट्याजवळ खड्डा नव्हता हे तिला तेव्हाच दिसलं होतं. आणि तिने त्याचं म्हणणं मान्य केलं होतं, कारण तो इतक्या खात्रीने बोलला होता.

"बघ, पंधरा मिनिटं झाली, एक शब्द नाही तिचा," अनुराग म्हणत होता. "रुसली असणार."

पानिपतच्या तोंडाशी शहरात उतरणारा रस्ता डावीकडे फुटतो. बोलण्याच्या नादात मोठी गाडी सरळ उड्डाणपुलावर चढली. चेतनाने डावा सिग्नल दिला आणि खाली उतरली. अनुरागचा आवाज विरत विरत नुसती खरखर उरली.

दुकानासमोर त्या दोघींनी चहा घेतला. कुमुदने दोन चादरी घेतल्या. अर्ध्या तासाने मोठी गाडी उलट्या दिशेने आली. विलास आधी उतरला.

"माइक दादाच्या खालून काढला," तो पुटपुटला. "किती ऐकलंत?"

"समालख्यापासून," कुमुद म्हणाली. विलासने चादरींच्या ढिगाकडे तोंड वळवलं.

अनुराग घाम पुसत आला. "तू उत्तरच देत नव्हतीस. रेडिओ फेल. तेव्हा एकच गाडी न्यायची, मोठी. तुझ्या ड्रायव्हिंगबद्दल काही म्हणणं नाही."

चेतनाने रस्त्याकडेला उभ्या निळ्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"ठीक. एकच गाडी," ती म्हणाली. "चालवणार मी."

"तू? का?"

खरी दोन कारणं तिने पाच वॉटवर स्पष्ट ऐकली होती. तिने तिसरं दिलं.

"वळण मी चुकवलं नाही."

अनुरागने विलासकडे पाहिलं. विलास चादरीचा भाव विचारत होता. "संगमनेरपर्यंत?" अनुरागने विचारलं.

"आणि परतही. आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, वेळ मी घेते."

"डॉक्टर कशाला?"

"चाळिशीनंतर तपासावेत."

त्याने पुन्हा विलासकडे पाहिलं. मग किल्ली पुढे केली.

निळी गाडी विलासने घेतली. मोठ्या गाडीची सीट चेतनाला बरीच पुढे सरकवावी लागली, आरसे नव्याने लावावे लागले. शेजारी बसलेला अनुराग दोनदा म्हणाला, "पुढे ट्रक आहे." तिसरा ट्रक आला तेव्हा त्याचे डोळे मिटले होते. चेतनाने उजवा सिग्नल दिला, आरशात पाहिलं आणि ट्रकच्या पुढे निघाली.