माझ्या दारावरचं परकं अक्षर

मित्रांनो, मी एक म्हातारी लाल बस. भोरजवळच्या एका शेडमागे उभी आहे. रंग उडाला, टायर बसले, ताठा तेवढा अजून गेलेला नाही.

मी तरुण होते तेव्हा आमच्या आगारात प्रत्येक जातीच्या गाडीच्या दारावर एक अक्षर असे. सपाट रस्त्याच्या लांब गाडीला 'ल', डोंगरातल्या आखूड गाडीला 'घ', म्हणजे घाटाची. मी 'ल'. वरव्याच्या सरळ सडकेवर माझ्यासारखी पळणारी दुसरी नव्हती! अक्षर पाहून गाडी मार्गाला लावायची, एवढा साधा कारभार होता.

एकाहत्तर साली एका बैलगाडीची धडक बसून माझं दार चेपलं. मोडीत निघालेल्या घाटगाडीचं दार मला बसवलं, पण त्यावरचा 'घ' पुसायचा राहिला. "उद्या बघू," असं जो तो म्हणत गेला.

सकाळी गाड्या लावणाऱ्या आनंदरावांनी खिडकीतूनच दार पाहिलं आणि मला वेल्ह्याकडे धाडलं. चालक हनीफ घुटमळले.

"आनंदराव, ही लांबडी हाय. वळनावर आडकंल."

"दारावर 'घ' हाय न्हवं? मग जावा की! मानसं खोळंबल्यात."

जाताना पुढे-मागे करत घाटातलं वळण कसंबसं काढलं. येताना पालीच्या ठकुबाई बाळंतपणात अडलेल्या सुनेला, साळूला, घेऊन चढल्या. भोरचा दवाखाना गाठायचा होता. त्याच वळणावर माझं मागचं चाक चरात उतरलं. मला पुढे जाता येईना, मागे सरता येईना.

"हनीफभाई, कायबी करा, पन पोरीला न्या वो!" ठकुबाई रडत म्हणाल्या.

हनीफनी माझं मागचं बाकडं उखडलं. चौघांनी साळूला त्यावर निजवून खांद्यावर घेतलं आणि ते पायी निघाले. एवढं मोठं इंजिन असून उपयोग काय, असं वाटून माझा जीव तुटत होता.

काही दिवसांनी ठकुबाई बाकडं घेऊन आगारात आल्या.

"सून वाचली," त्या हनीफना म्हणाल्या. "बाळ वाटंतच गेलं. बाकडं तुमचं हाय, म्हनून धुऊन आनलं."

आनंदराव खिडकीमागून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्या दारावरचा 'घ' खरवडून काढला. हनीफनी बाकडं परत माझ्यात मागे बसवलं.

मित्रांनो, आजचं काम उद्यावर ढकलू नका. आणि कधी खेळता खेळता माझ्यात चढलात, तर मागच्या बाकड्यावर जरा हळू बसा.