पंपवाल्याची पावती

दावा फेटाळल्याचं वाचून झालं होतं. आता न्यायाधिकरणापुढे एवढंच उरलं होतं, की रिसॉर्टला झालेला कोर्टखर्च कोणी भरायचा.

रिसॉर्टच्या वकिलांनी दहा हजार मागितले. खोट्या दाव्यापायी त्यांच्या अशिलाला चार वर्षं हेलपाटे पडले, असं ते म्हणाले. ‘खोट्या’ हा शब्द ऐकून माझ्या शेजारी उभे असलेले मारुतीभाऊ खाली बघायला लागले. मी त्यांची वकील. मलाही वर बघवेना.

भाजे गावचा हा माणूस लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टमध्ये एकोणीस वर्षं पंप सांभाळत होता. विहिरीची मोटर, पोहण्याच्या तलावाची मोटर, पावसाळ्यात पंपघरात पाणी शिरलं की कमरेइतक्या पाण्यात उतरणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. पगार रोख, हातात. ना हजेरीपट, ना ओळखपत्र. एके दिवशी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, म्हणून आम्ही दावा लावला. पुरावा मागितला तेव्हा मारुतीभाऊंनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढला. दसऱ्याला पंपाला झेंडूचा हार घालतानाचा. मॅनेजर प्रदीप शपथेवर म्हणाले, हा आमचा नोकर नाही, बिघाड झाला की कधीमधी बोलवायचो. न्यायाधीश साहेबांचा तरी काय दोष? त्यांना कागद लागतो आणि माझ्याकडे झेंडूचा हार होता.

निदान खर्च तरी अंगावर पडू नये म्हणून मी जीव तोडून बोलले. घरची परिस्थिती सांगितली, बायको शालूबाई लोकांच्या बंगल्यांवर भांडी घासते हेही सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. ज्याचा खर्च त्याने सोसावा, असं ते स्टेनोला सांगणार, इतक्यात मारुतीभाऊंनी हात वर केला.

“सायेब, मी भरतो. पर पावती मिळंल का?”

मी त्यांची बाही ओढली. साहेबांनी विचारलं, कसली पावती?

“रिसॉर्टची. त्यांच्या शिक्क्याची, माज्या नावाची. एकोनीस वर्सांत त्यांचं आन् माजं नाव असल्याला येक बी कागद न्हाई. येवढा तरी ऱ्हाऊ द्या.”

मला माझीच लाज वाटली. चार वर्षं मी त्यांच्या नुकसानभरपाईचे हिशोब मांडत होते, आणि तुम्हाला नक्की काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पाचशे रुपये, आजच, आणि रिसॉर्टने शिक्क्यानिशी पावती द्यावी, असा हुकूम झाला.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर प्रदीपनी बॅगेतून रिसॉर्टचा छापील कागद आणि शिक्का काढला. कोर्टाच्या कामाला ते त्यांच्याजवळ असायचंच. मारुतीभाऊंनी नोटा पुढे केल्या. प्रदीपनी नाव विचारलं नाही. सवयीने लिहून गेले, ‘मारुती पंपवाला यांजकडून’. मग त्यांचा हात थबकला. त्यांनी चोरून माझ्याकडे पाहिलं, ‘पंपवाला’वर आडवी रेघ मारली आणि वर दाव्यातलं वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं, ‘सखाराम केदारी’.

रेघेखालचा शब्द सहज वाचता येत होता. कायद्याच्या लेखी त्याला आता काही किंमत नव्हती, हे प्रदीपना माझ्याइतकंच ठाऊक असणार. तरी त्यांचा चेहरा उतरला.

“खाडाखोड झाली, मारुतीभाऊ. दुसऱ्या कागदावर लिहून देतो.”

“नगं,” मारुतीभाऊ म्हणाले. “हीच द्या.”

शिक्का मारून झाल्यावर शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदावर हळूहळू फुंकर घातली. मग पिशवी उघडून तो झेंडूच्या फोटोशेजारी ठेवला.