मुलाम्याची खोली

ताईनं पटाशीचं टोक खिडकीच्या फटीत घातलं आणि वरून हातोडी मारली. खिडकी हलली नाही. फटीतून मात्र काळपट कापडाची चिंधी डोकावली. तिनं ती ओढली, तर ती येतच राहिली. वीतभर, हातभर, मेणानं ताठ झालेली.

"रंगानं चिकटली असेल," धाकटा भाऊ म्हणाला. तो दाराशी हाताची घडी घालून उभा होता. "कशाला उकरतेस? भाडेकरू येईल तो बघून घेईल."

"रंगाला चिंध्या फुटतात होय रे?"

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईनं पूर्वज हाती घेतले होते. नातीसाठी घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून सुरुवात झाली आणि सगळं येऊन एकाच जागी अडलं. पणजोबा, आजोबा, काका, बाबा, एकानंही पन्नाशी पाहिली नव्हती. आधी हात कापायचे, मग दात हलायचे, शांत माणूस भांडीकुंडी आपटायला लागायचा आणि शेवटी अंगावर सूज चढून सगळं संपायचं. डॉक्टरांनी त्याला घराण्याचं दुखणं म्हटलं. घरानंही अल्पायुष्य आपल्या पाचवीलाच पुजलंय असं धरून टाकलं.

धाकट्यानं तर ते जास्तच धरलं. खाली त्याचं फ्रेमचं दुकान होतं. गावाच्या लग्नांचे फोटो काचेत बसवता बसवता तो स्वतः बिनलग्नाचा राहिला आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी रोज सकाळी हात पुढे धरून तो कापतोय का ते बघायचा. रस्त्यापलीकडे पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाईंचं दुकान. "आमच्या घरात सून येते ती विधवा व्हायला," असं त्यानं त्यांना फार वर्षांपूर्वी सांगून टाकलं होतं. त्या नुसत्या मान हलवून कामाला लागल्या. त्यानंतर दोघांचा संसार म्हणजे दुपारचा चहा, तोही काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून. आज बाई दुकान बंद करून बहिणीच्या गावी निघाल्या होत्या. सामानाला टेम्पो ठरवून दिला होता यानंच! कपाळाला हात लावावा नाहीतर काय.

"आत ये ना, आत्या," ताई म्हणाली.

नव्वदीला टेकलेली आत्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसली होती. तोंडातले दात अजून तिचे स्वतःचे होते.

"मुलींनी आत यायचं नाही."

"अगं, आता कोण ओरडणार आहे तुला?"

"तुझे आजोबा. मुलगी शिकली की विद्या सासरी जाते म्हणायचे." आत्या खुदकन हसली, पण पाय काही तिनं आत टाकला नाही.

ताईनं चिंधी तिच्यापुढे धरली. "ही कुणी कोंबली?"

"त्यांनीच. मुलामा द्यायचा म्हटला की दार, खिडकी, फट न् फट बंद. सोनं पाऱ्यात कालवून भांड्याला लावायचं आणि शेगडीवर धरायचं. पारा उडून जातो, सोनं बसतं. वारा आला तर सोन्याचा कणही उडेल, ही धास्ती. बाकीचे कारागीर उघड्या अंगणात बसायचे. त्यांना तुझे आजोबा हसायचे, सोनं उधळतात म्हणून."

"पारा उडून कुठे जायचा?" ताईनं विचारलं. तिचा आवाज एकदम वर्गातला झाला होता.

"कुठे म्हणजे? खोलीतच की."

ताईनं चिंधी लांब फेकून दिली आणि बराच वेळ पदराला हात पुसत राहिली.

"आणि ते अंगणातले?" धाकट्यानं विचारलं. घडी घातलेले हात आता सुटले होते.

"ते होते की चांगले धडधाकट. तुझ्या बापाला खांदा दिला त्यांनी, बापाहून वीस-वीस वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्यांनी."

ताई म्हणाली, "विष होतं रे ते. वाफेचं विष. रक्तात काही नव्हतं आपल्या. साप साप म्हणून भुई धोपटत बसलो सगळे."

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला आला तो राग. आजोबांचा, सोन्याच्या त्या चार कणांचा, स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

"मला बाबांनी या खोलीत कधी घेतलं नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी धसमुसळा म्हणून."

"छे रे," आत्या म्हणाली. "तुझा काका मागे लागायचा, पोराला शिकव, पोराला शिकव. तुझा बाप म्हणायचा, सगळं मीच करतो, पोराला लांब ठेव. त्या एका गोष्टीवरून दोघं भाऊ वर्षभर बोलत नव्हते."

धाकटा भिंतीकडे तोंड करून रडला. ताईनं त्याला रडू दिलं. मग त्यानं तिच्या हातातून पटाशी घेतली, उरलेल्या चिंध्या ओढून काढल्या आणि खांदा लावून खिडकी ढकलली. ती करकरत उघडली. खाली रस्त्यावर टेम्पो येऊन उभा होता आणि ड्रायव्हर खोकी चढवत होता.

"चपला तरी घाल!" ताई ओरडली, पण तोवर तो निम्मा जिना उतरला होता.

बाइंडरबाईंचं दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. एका गिऱ्हाइकाचं राहिलेलं जाडजूड पुस्तक तेवढं टेबलावर होतं आणि त्या त्याच्या कण्याला सरस लावत होत्या. अनवाणी, धुळीनं माखलेला, डोळे सुजलेला माणूस दारात बघूनही त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"काय झालं?"

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. हे काही नीट निघालं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "आमच्या लोकांना विषबाधा झाली होती. दुखणं नव्हतं ते. मला ते नाहीच. आता माझ्याकडे बरीच वर्षं असतील, असं दिसतंय. आणि मी त्यांची काही तयारीच केलेली नाही."

बाईंनी कण्यावर पट्टी बसवली. त्यांचा हात जरासा चुकला. पट्टी उचलून पुन्हा लावावी लागली.

"फार उशीर केलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"पुस्तकं दाबायचा प्रेस टेम्पोत चढलाय माझा. इकडे या. हे दोन्ही हातांनी दाबून धरा. घट्ट."

त्यानं पुस्तक धरलं. ड्रायव्हर पुढचं खोकं न्यायला दारात आला, तेव्हा बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा थांबा, दादा."

"किती वेळ धरायचं?" धाकट्यानं विचारलं.

"सरस वाळेपर्यंत. घाई आहे का?"

"नाही," तो म्हणाला, आणि पायानंच स्टूल ओढून बसला.