दार अडव

शेवटी शेवटी आमच्या हिला डोळ्यांनी दिसेनासं झालं, पण कॉम्प्युटरवरचा खेळ सुटला नाही. तो खेळ नुसत्या अक्षरांचा होता. 'उत्तरेला जा' लिहिलं की पुढची खोली कशी आहे ते शब्दांत यायचं आणि मशीन ते हिला वाचून दाखवायचं. कुठकुठली माणसं त्यात मिळून एक राज्य चालवायची. जुन्या खेळाडूंना स्वतःची एक खोली लिहायची मुभा होती. हिनं स्वयंपाकघर लिहिलं.

ही गेल्यावर मी पंपाच्या दुकानातून आलो की त्या खोलीत जायचो. 'शेगडी बघ' लिहिलं की हिनं लिहून ठेवलेलं उत्तर यायचं, "बघत काय बसलाय? भांडं उतरवा, हात मोडलेत का?" 'खुर्ची बघ' लिहिलं की, "बसा. पण आधी पाय धुवा." आणि 'दार अडव' लिहिलं की मी हलेपर्यंत दुसरं कुणी आत येऊ शकत नसे. तिथला तसा नियमच होता.

मग खेळ चालवणाऱ्याचा फोन आला. त्याला सगळे किल्लेदार म्हणायचे.

"काका, आता सगळं चित्रांत आणतोय. अक्षरं कोण वाचतंय हल्ली?"

"हिच्या खोलीला हात लावू नका."

"अहो, काकूंची खोली जशीच्या तशी येणार! शब्द माझा."

मी विश्वास ठेवला.

नवा खेळ मुलीनं टॅबवर लावून दिला. "बाबा, बघा तरी, किती छान केलंय!"

छान होतंच. शेगडी होती, खुर्ची होती, खिडकीतून ऊन येत होतं. खुर्चीत एक गोबऱ्या गालांची म्हातारी बसली होती. शेगडीवर बोट दाबलं, काही नाही. म्हातारीवर दाबलं, तर म्हणाली, "आपले स्वागत आहे." हिनं जन्मात कुणाला असं म्हटलं नव्हतं.

मी किल्लेदाराला फोन केला. "तिचं लिहिलेलं कुठाय?"

"त्यावरूनच तर चित्र काढलं, काका. मग जुनं सगळं पुसलं. काकूंना उभं केलं, ते नाही आवडलं?"

"ती नाही ती."

"तुमच्यासाठी करावं तेवढं थोडंच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मुलगी म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा. आई असती तर हौसेनं खेळली असती."

"कशी? हे तिला वाचून कोण दाखवणार होतं?"



तेवढ्यात पडद्यावर चार-पाच जण खोलीत घुसले. एक खुर्चीवर चढून नाचायला लागला. दुसरा म्हातारीला पुन्हा पुन्हा बोलायला लावत होता. स्वागत आहे, स्वागत आहे. अडवायला लिहू म्हटलं, तर लिहायला जागाच नव्हती. मी खेळातला माझा बाहुला नेऊन दारात उभा केला.

ते माझ्या अंगातून आरपार ये-जा करत राहिले.